लाल रेघ आणि लसणाचे बिबडे

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

"ताई, मी चोपडा तालुक्यातली. शिक्षण बारावी. आम्ही चौघी जणी उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड), पापड, कुरडया करून विकतो. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात. आमच्या भावकीतले एक निवृत्त नाना माझ्या प्रत्येक मेसेजचा फोटो काढतात आणि चुकांभोवती लाल गोल करून ग्रुपवर परत टाकतात. पोरं हसतात. सोबत नमुना जोडलाय. आता मी लिहिणं सोडलंय, मुलगी लिहिते. शुद्धलेखन तपासणारं ॲप टाकू का? की व्हॉइस मेसेजच पाठवत जाऊ? की सरळ अहिराणीत लिहू? मुलगी म्हणते, अहिराणी लिहिली तर अजून हसतील. मागच्या मोसमात तर फोननंच घात केला. जळगावच्या एका गिऱ्हाइकाला लसूण चालत नव्हता. मी जोडीदारणीला 'लसूण नको' असं कळवायला गेले, ते 'लसूण नक्की' असं गेलं. पाच किलोचा अख्खा घाणा लसूण घालून हाटला गेला."

ताई, लिहिणं सोडू नका. हे आधी सांगते, बाकीचं सगळं यानंतर. यंदा ज्वारी कोणती घेतली, पीठ किती दिवस भिजवलं, बिबडा तळला की किती फुलतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलगी कितीही शुद्ध लिहीत असली तरी गिऱ्हाइकानं एक प्रश्न जास्तीचा विचारला की ती फोन घेऊन तुमच्याकडेच येणार. गिऱ्हाइकाला बोलायचं असतं ते माल करणाऱ्या बाईशी.

तुम्ही जोडलेला नमुना मी नीट पाहिला. "बिबडे तयार आहेत. तिळाचे पन आणि बिन तिळाचे पन मिळतिल." 'पन' भोवती दोन गोल, 'मिळतिल' भोवती एक. नानांचं बरोबर आहे. 'पण' आणि 'मिळतील' असं लिहायला हवं होतं. पण हा मेसेज वाचून कोणाचा गैरसमज झाला? कोणाची ऑर्डर चुकली? नाही ना. आता दुसरा मेसेज घ्या. "लसूण नक्की." यात एक अक्षर चुकलेलं नाही. लसूणमधला 'सू' दीर्घ आहे, नक्कीमधला 'क्की' दीर्घ आहे. नानांच्या हातात हा मेसेज दिला असता तर एकही लाल गोल पडला नसता, आणि पाच किलो माल मात्र वाया गेला. मी मुद्रितं तपासण्याचं काम करते, त्यामुळे सांगते: आमच्या धंद्यात झोप उडवणारी चूक ही दुसऱ्या जातीची असते. शब्द शुद्ध पण भलताच. 'दीन'च्या जागी 'दिन', 'दऱ्या'च्या जागी 'दर्या'. यातला प्रत्येक शब्द भाषेत आहे, म्हणून डोळाही अडखळत नाही आणि यंत्रही अडखळत नाही.

यंत्र का अडखळत नाही ते समजून घ्या, म्हणजे ॲपकडून किती अपेक्षा ठेवायची ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. शुद्धलेखन तपासणारा साधा प्रोग्राम वाक्य वाचत नाही. त्याच्याकडे शब्दांची एक यादी असते. तुम्ही लिहिलेला शब्द यादीत सापडला की तो गप्प बसतो, नाही सापडला की खाली लाल रेघ ओढतो. मग यादीतले असे शब्द शोधतो, जे एखाददुसरं अक्षर बदललं, गाळलं किंवा घातलं की तुमच्या शब्दाशी जुळतील, आणि ते सुचवतो. 'नको' यादीत आहे, 'नक्की'ही आहे. तुम्हाला कोणता म्हणायचा होता हे त्याला कळत नाही. हल्लीचे काही प्रोग्राम मागचे-पुढचे शब्द बघून अंदाज बांधतात, पण 'लसूण नको' आणि 'लसूण नक्की' ही दोन्ही वाक्यं माणूस बोलू शकतो, त्यामुळे तिथं अंदाजही कामाचा नाही.

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. आपला शब्द एकटा राहत नाही. पापड, पापडाचा, पापडांमध्ये, पापडवाल्यांकडून, पापडवाल्यांकडूनसुद्धा. सगळी रूपं यादीत भरायची तर यादी संपणारच नाही. म्हणून मूळ शब्दांची यादी वेगळी आणि प्रत्ययांचे नियम वेगळे, अशी व्यवस्था करतात. हन्स्पेल नावाचा एक मोफत प्रोग्राम याच पद्धतीनं चालतो. तो मुळात हंगेरियन भाषेसाठी केला गेला, कारण तिथंही शब्दाला प्रत्ययांची माळ लागते. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये तोच वापरतात आणि त्याला मराठी शब्दसंग्रह जोडता येतो. पण प्रत्ययांच्या नियमात एखादी जागा राहून गेली की बरोबर शब्दाखालीसुद्धा रेघ येते. कधी तर डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे वाटतात. 'ऱ्या' हे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठवलेलं असू शकतं. कुठूनतरी चिकटवलेल्या मजकुरात एक रीत असते, यादीत दुसरी, आणि शब्द चोख असूनही लाल रेघ उमटते. म्हणून रेघ दिसली की घाबरायचं नाही. 'मला हा शब्द माहीत नाही' एवढंच ती सांगते.

आणि आपल्याकडचे कितीतरी शब्द तिला माहीत नाहीत. बिबडे हा शब्द बहुतेक याद्यांत सापडणार नाही. मग त्याला सर्वांत जवळचा कोण? बिघडे, बिघडले. माल विकणाऱ्या बाईच्या फोननं बिबड्यांचं 'बिघडले' करावं यासारखं नुकसान दुसरं नाही. यावर उपाय आहे आणि तो तुम्ही आजच करा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये आपोआप दुरुस्ती करण्याची सोय असते, ती बंद करा. वरच्या पट्टीवर येणाऱ्या सूचना राहू द्या, पण बोट त्यांच्यावर बघूनच ठेवा. तुमचं 'नक्की' बहुधा त्याच पट्टीवरून आलंय. 'नक' एवढं उमटलं की दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. मग तिथंच वैयक्तिक शब्दकोश शोधा. गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये तो 'शब्दकोश' या भागात असतो. त्यात बिबडे, बिबड्यांचे, कळणा, डुबुकवडे, भरीत, तुमच्या चौघींची नावं आणि नेहमीच्या गावांची नावं एकदाच भरून टाका. फोनची भाषा मराठीच निवडली आहे ना, हेही तपासा. हिंदीवर असला तर तो ळ हाताशी ठेवत नाही आणि जळगावचं जलगांव करून ठेवतो. असे मेसेज आपल्या भागातून मी रोज बघते आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ती लिहिणाऱ्याची चूक नसतेच.

लसणासारख्या गोष्टीला यंत्राचा उपाय नाही, सवयीचा आहे. ज्यावर माल अवलंबून आहे ती गोष्ट दोनदा, दोन तऱ्हांनी लिहा. "लसूण नको. बिनलसणाचे पाच किलो." एक शब्द फिरला तर दुसरा अडवेल, आणि वाचणारी जोडीदारीण फोन करून विचारेल. वजन, तारीख, भाव आणि गाव हे पाठवण्याआधी पुन्हा वाचायचं. मेसेजमधलं बाकी काही चुकलं तरी चालेल.

आता र्‍हस्व-दीर्घाचं. ते शिकायची तुमची इच्छा पत्रात दिसते, नाहीतर तुम्ही ॲपचं विचारलंच नसतं. सगळे नियम पाठ करायची गरज नाही. आज जे नियम आपण पाळतो ते मराठी साहित्य महामंडळानं ठरवले. त्यातले चौदा राज्य शासनानं १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यात चारांची भर पडली. अठरा नियम, एवढंच. त्यातल्या ज्या दोन-तीन नियमांशी तुमची रोज गाठ पडते, ते तुमच्या स्वयंपाकघरातच आहेत.

शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार मराठीत दीर्घ. भाकरी, हिरवी, कढी, लाडू, पिशवी. 'आणि' हा मोठा अपवाद, तो डोळ्यांना सवयीचाच आहे. शेवटच्या अक्षराला काना-मात्रा काही नसेल तर त्याच्या आधीची वेलांटी-उकारही मराठी शब्दात दीर्घ. मीठ, पीठ, तीळ, मूग, लसूण, खारीक. म्हणून 'मिळतील'मध्ये 'ती' दीर्घ. पण या शब्दांना प्रत्यय लागला की वेलांटी आखडते. मिठाचे, पिठाचे, तिळाचे, मुगाचे. आणि शब्द तीन अक्षरी असेल तर मधली वेलांटी किंवा उकार बऱ्याचदा पारच निघून जातो. लसूण, लसणाचे. खारीक, खारकेचे. तुम्ही 'तिळाचे' अचूक लिहिलं होतं, ते याच नियमानं. कोणी शिकवलं नसेल, कानानं आलं असेल. गावांच्या नावातलं 'पूर' दीर्घ, शिरपूर, नवापूर. पण 'शिरपुरात' म्हटलं की तेच आखडतं. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत, गुण, मंदिर वगैरे. ते वेगळे लक्षात ठेवावे लागतात आणि हळूहळू राहतात.

जिरे हा शब्द मुद्दाम वेगळा घेते. त्याचं 'जिऱ्याचे' होतं आणि हा 'ऱ्या' फोनवर पटकन सापडत नाही, म्हणून लोक 'जिर्याचे' लिहितात. बऱ्याच कीबोर्डांवर 'र' दाबून धरला की खाली टिंब असलेला 'ऱ' निघतो. तो घ्यायचा, मग हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण), मग य आणि काना. दोन-तीनदा केलं की बोटाला वळण लागतं. बऱ्हाणपूर, गिऱ्हाईक, वाऱ्यावर, सगळे त्यातच आले.

हे सगळं एका वहीत, शब्दांच्या जोड्या करून लिहा. पीठ-पिठाचे, तीळ-तिळाचे. फोनवरच्या ॲपपेक्षा ही वही लवकर गुण देईल, कारण ॲप चूक दाखवतं पण कारण सांगत नाही.

राहिले नाना. त्यांना भाषेची कळकळ असेल, मी ती खरी मानते. मलाही चुकीची पाटी दिसली की पुढे पाऊल टाकवत नाही. पण चार माणसांत, त्यातही गिऱ्हाइकांसमोर, बाईच्या वाक्याभोवती लाल गोल करणं हे शिकवणं नव्हे. शिकवणारा माणूस चूक एकट्याला सांगतो आणि बरोबर काय तेही सांगतो. आणि अशुद्ध लिहिणारा अडाणी, असं जे त्या गोलातून सुचवलं जातं, ते मला मुळीच मान्य नाही. मोडी लिपीत र्‍हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे. शिवकाळापासून पेशवाईपर्यंतचे हिशेब, तह, सावकारी खतं, वतनाचे कागद त्याच लिपीत लिहिले गेले आणि त्यावर राज्यं चालली. असे कागद गावोगाव फिरून जमवणारे इतिहासाचार्य राजवाडे यांचा शेवट १९२६ साली धुळ्यातच झाला. त्यांच्या नावाच्या धुळ्यातल्या संशोधन संस्थेत जुनी दप्तरं अजून जपलेली आहेत. त्या कारकुनांना कोणी अडाणी म्हणणार नाही. र्‍हस्व-दीर्घाचे आजचे नियम छापील मराठी सगळीकडे सारखी असावी म्हणून केलेले आहेत, आणि त्या कामासाठी मला ते प्राणापलीकडे प्रिय आहेत. त्याच नियमांत असंही आहे की लेखनात पात्राच्या तोंडी बोली घालायची तर ती उच्चाराप्रमाणे लिहावी. बोलण्याला वेगळी वाट नियम करणाऱ्यांनीच ठेवली आहे. तुमचा ग्रुपवरचा मेसेज हे बोलणंच आहे. बोलण्यातली चूक वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यायची असते. छापलेल्या मजकुरातली चूक लिहिणाऱ्यानं आधी शोधायची असते. नाना छापील मजकुराचा कायदा बोलण्याला लावताहेत.

त्यांना ग्रुपवर उत्तर देऊ नका. त्यांच्याच मेसेजमधल्या चुकाही काढू नका, सापडल्या तरी. एकट्याला, आदरानं लिहा. "नाना, तुम्ही दाखवलेल्या चुका मी वहीत उतरवून घेतल्यात. यापुढे काही चुकलं तर मला एकटीला कळवत जा, ग्रुपवर नको. तिथं माझी गिऱ्हाइकं आहेत. पिशवीवर छापायचा मजकूर मात्र तुमच्याकडे पाठवते, तो बारकाईनं बघून द्या." बहुतेक माणसं एवढ्यानं थांबतात. नाहीच थांबले तर ग्रुप चालवणाऱ्याला सांगून धंद्याचा ग्रुप वेगळा काढा आणि त्यात फक्त घेणारे ठेवा. भावकी आणि गिऱ्हाईक एका ग्रुपात असणं तसंही बरं नाही. हसणाऱ्या पोरांकडे दुर्लक्ष करा.

व्हॉइस मेसेज पाठवायला हरकत नाही, पण ऑर्डर कधी त्यावर घेऊ नका. महिन्यानं "मी दोन किलो म्हटलं होतं" असा वाद निघाला तर शोधणार कुठं? बोलून टाइप करण्याची सोय वापरून बघा. ती नेहमीच्या शब्दांची वेलांटी-उकार बऱ्यापैकी नीट उमटवते. आपल्या भागातले शब्द मात्र तिला ऐकू येत नाहीत, ते हातानं दुरुस्त करायचे.

अहिराणीत लिहू का, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हो. जिथं समोरचा अहिराणी बोलतो तिथं जरूर लिहा. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली अठरा लाखांहून जास्त माणसं मोजली आहेत आणि त्यातली बहुतेक अहिराणीची आहेत. सुरतेला गेलेली आपली किती घरं आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांना "बिबडा तयार शेतस" असा मेसेज गेला तर ते हसतील, पण ते हसू वेगळं असेल आणि त्यापाठोपाठ ऑर्डर येईल. अहिराणीचं लेखन अजून कोणी ठरवून दिलेलं नाही, त्यामुळे तिथं चूक काढायला कोणाला आधारच नाही. जसं बोलता तसं लिहा. डोया (डोळा), शाया (शाळा), मना (माझा), तुना (तुझा). फक्त एक शब्द एकदा जसा लिहिला तसाच पुढे लिहीत जा, म्हणजे वाचणाऱ्याला सोपं पडतं. लाल रेघा पानभर येतील. तेवढ्यापुरती तपासणी बंद करून टाका. मुलीलाही सांगा, 'शे' म्हणणारी माणसं 'आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा कमी शिकलेली नसतात.

पिशवीवरच्या मजकुराला मात्र यातली कुठलीच सवलत नाही. तो प्रमाण मराठीत आणि निर्दोष हवा, कारण एकदा हजार पिशव्या छापून आल्या की चूक हजारदा विकली जाते. फोनवर तुम्ही बरोबर लिहून दिलं तरी प्रेसमध्ये ते बिघडू शकतं. बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट चालतात. त्यात दिसायला मराठी असतं, पण आत संगणकाला इंग्रजी अक्षरंच दिसतात. त्यामुळे तिथं शुद्धलेखन तपासणारा कोणताही प्रोग्राम चालत नाही, आणि तुमचा फोनवरचा मजकूर त्या फॉन्टात आणताना जोडाक्षरं तुटतात. 'जिऱ्याचे'मधला ऱ्या, 'शुद्ध'मधला द्ध, रफार आणि 'श्र' या जागा आधी बघा. 'शुद्ध'मध्ये द वर आणि ध खाली, 'शुध्द' नव्हे.

प्रूफ कागदावर मागा, फोनवरचा फोटो नको. मग दोघी जणी बसा. एकीनं तुमच्या वहीतला मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, एकेक शब्द, विरामासकट, आणि दुसरीनं प्रूफवर पेनाचं टोक त्याच शब्दावर सरकवत जायचं. आम्ही छापखान्यात असंच करतो. मग अदलाबदल करून पुन्हा एकदा. वजन, तयार केल्याची तारीख, आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर हे आकडा आकडा उच्चारून जुळवा, कारण आकड्याखाली लाल रेघ कधीच येत नाही. सगळं जुळलं की प्रूफवर सही आणि तारीख घाला, त्याचा फोटो स्वतःजवळ ठेवा, आणि मगच छापायला सांगा.